फेसापुरतं तेल

दवाखान्याच्या स्वयंपाकघरात सगळे तिला घड्याळबाई म्हणायचे. तोंडावर मावशी, पाठ फिरली की घड्याळबाई. सकाळी साडेसात, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा, या तीन वेळांना तिच्या जेवणाच्या गाड्या लिफ्टपाशी लागलेल्या असायच्या. वरच्या नर्स त्या चाकांचा खडखडाट ऐकून गोळ्यांचे डबे उघडायच्या. एकतीस वर्षांत गाडी दोनदाच उशिरा गेली होती, एकदा लिफ्ट अडकली तेव्हा आणि एकदा तिचा नवरा वारला तेव्हा. ती कामावर परत आली त्या दिवशी बायका सांत्वनाला जवळ सरकल्या, तर हिचा पहिला प्रश्न, "त्या दिवशी गाडी कितीला सुटली?"

शिक्षण चौथी, तेही अर्धं. दोन लहान पोरं शेजारणीच्या ओटीत टाकून ती इथे बटाटे सोलायला आली आणि सोलता सोलता मुख्य स्वयंपाकीण झाली. मोजमाप तिला कागदावर कधी जमलं नाही. चारशे माणसांच्या भाताला मीठ किती म्हणून विचारलं तर ती गप्प बसायची, पण मूठ भरून टाकलं की एक खडा इकडे नाही की तिकडे नाही. घरी मात्र चार माणसांचा स्वयंपाक तिला साधत नसे. सून डोळे मिचकावून विचारायची, "सासूबाई, आज आपल्याकडे अख्खा वॉर्ड जेवायला येणारे का?"

अशा बाईच्या हातात तराजू मॅडमनी एक लहान पातेलं दिलं.

तराजू मॅडम म्हणजे दवाखान्याच्या आहारतज्ज्ञ. कुणाला काय खायला द्यायचं, किती द्यायचं, ते त्या ठरवत. बटाटासुद्धा वजन केल्याशिवाय पुढे जाऊ द्यायच्या नाहीत, म्हणून ते नाव. पातेलं होतं वरच्या मजल्यावरच्या एका सुतारासाठी. पंचेचाळिशीचा माणूस, छातीतली गाठ काढायला आलेला. गाठ निघाली, सगळं नीट झालं म्हणाले, बरगड्यांमधून एक नळी बाहेर काढली आणि तिचं टोक पलंगाखालच्या बाटलीत सोडलं. दोन दिवस बाटलीत लालसर पाणी येत होतं. तिसऱ्या दिवशी त्याला कपभर दूध दिलं, आणि दुपार कलेपर्यंत बाटली दुधासारखी पांढरी.

"प्यालेलं तसंच खाली आलं की काय?" घड्याळबाईनं विचारलं.

"जवळजवळ तसंच," तराजू मॅडम म्हणाल्या. मोठ्या टेबलावर बसून त्यांनी तिला समजावून सांगितलं, आणि समजावताना त्या स्वयंपाकघरातलीच भाषा बोलत होत्या, एवढं खरं. "मावशी, अन्नात तीन मोठ्या गोष्टी. भात, बटाटा, साखर हे सरपण. घातलं की पेटतं. त्याला आम्ही पिष्टमय म्हणतो. अंड्यातलं पांढरं, डाळ, यात प्रथिन, म्हणजे घराचे खांब आणि वासे. जखम भरते ती त्याच्यावर. सरपण कमी पडलं तर माणूस नाइलाजानं वासे काढून चुलीत घालतो, अंग वाळतं ते असं. आणि तिसरं तेल, लोणी, साय."

"ते वाईट."

"वाईट कशानं? तेही हवंच. अंगातल्या एकेका पेशीला कातडं असतं, ते चरबीचं असतं. उपास पडला तर हेच कोठार उघडतं. पण त्याचा रस्ता वेगळा आहे. साखर आणि प्रथिन आतड्यातून रक्तात उतरून सरळ यकृताकडे जातात. तेल त्या वाटेनं जात नाही. त्याला एक वेगळी नळी आहे, गवताच्या काडीएवढी. पोटातून निघते, छातीतून वर चढते आणि मानेपाशी रक्ताला मिळते. सुताराची ती नळी गाठ काढताना फुटली."

घड्याळबाई म्हणाली, "म्हणजे त्यानं तेल खाल्लं की ते छातीत सांडतं."

"सांडतं, आणि जाताना प्रथिनही ओढून नेतं. तेल तोडलं की त्या नळीतला लोंढा कमी होतो, भोक आपलं आपण बुजतं. म्हणून एक थेंब नको. समजलं ना?"

समजलं होतं. इतकं समजलं होतं की तिनं त्या लहान पातेल्याच्या कानाला लाल दोरा बांधला, त्याला वेगळा खिळा ठोकला, वेगळी पळी दिली, आणि दुसऱ्या कुणी हात लावला तर बोटं कापीन म्हणून सांगितलं. अंड्याचा पिवळा बलक ती अशी बाजूला काढायची की पांढऱ्यात पिवळा डाग दिसला तर ते अंडंच बाद. दोन्ही वेळेला मऊ भात, उकडून घोटलेली डाळ, अंड्याचं पांढरं, साखर घालून फळाचा रस. तिचा जोडीदार स्वयंपाकी, ज्याला सगळे जावई म्हणत कारण तो कायम बसलेला असे आणि चहा हातात आणून द्यावा लागे, तो म्हणायचा, "मावशी, एवढी सेवा तू माझी केलीस तर मी पण छातीत भोक पाडून घेतो."

"तुझ्या छातीत भोक पाडलं तर चहा निघेल," ती म्हणायची.

नऊ दिवस असे गेले, आणि बाटली पांढरीच राहिली. रोज लिटरभर. सुताराचे गाल आत गेले आणि पाय मात्र सुजून टम्म झाले. अंगातलं प्रथिन बाटलीत चाललं की पाणी रक्तात थांबत नाही, पायांत उतरतं, असं तराजू मॅडमनी सांगितलं होतं. सुताराची बायको दिवसभर पलंगाशी बसून ते पाय चेपायची आणि बोट दाबलं की पडणारा खड्डा भरायला किती वेळ लागतो ते बघायची.

नवव्या दिवशी दुपारी तराजू मॅडम हातात कागद घेऊन खाली आल्या.

"मोठ्या डॉक्टरांनी ठरवलंय. उद्या अकराला छाती पुन्हा उघडून ती नळी बांधायची. अंगात काही उरलेलं नाही त्याच्या. टिकेल न टिकेल, निम्मं निम्मं म्हणतात." त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. "आत जाण्याआधी त्यांना खात्री हवी आहे. त्याच्या जेवणात कुठून तरी तेल जातंय का?"

"माझ्या पातेल्यातून?"

"मी विचारतेय, मावशी. आरोप करत नाहीये."

"एक थेंब नाही." घड्याळबाईचे कान तापले. "फोडणी नाही, लोणी नाही, पिवळं नाही. जावयाला विचारा. आणि विचारायचंच असेल तर त्याच्या बायकोला विचारा. परवा जेवणाची गाडी घेऊन गेले तेव्हा तिनं मला बघून पुडी उशीखाली सारली. मी डोळ्यांनी पाहिलंय."

तराजू मॅडमनी मान हलवली आणि कागद पुढे केला. घड्याळबाईनं त्यावर अर्ध्या चौथीची सही केली, प्रत्येक अक्षर वेगळं काढून.

तासाभरात सुताराच्या बायकोला वॉर्डातून बाहेर काढल्याची बातमी खाली आली. पिशवी तपासली, काही सापडलं नाही, तरी ऑपरेशन होईपर्यंत आत यायचं नाही असं सांगितलं.

कामावरून सुटल्यावर घड्याळबाई फाटकाशी आली तेव्हा ती बाई तिथेच पायरीवर बसली होती. पिशवी उघडी, कंगवा आणि घडी केलेला शर्ट वर आलेला. तिनं मान वर केली.

"मावशी, तुम्हीच ना सांगितलंत? काय पाहिलंत माझ्या हातात?"

"पुडी पाहिली."

"साखर होती त्यात. रस आंबट लागतो म्हणाला, म्हणून चिमूटभर घालत होते. साखर चालते ना त्याला? तुमच्या मॅडमच म्हणाल्या होत्या, साखरेचा रस्ता वेगळा."

साखर चालत होती. ते या दवाखान्यात घड्याळबाईइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी ती म्हणाली, "मी जे पाहिलं ते सांगितलं," आणि समोरून आलेली बस तिची नव्हती तरी तिच्यात चढली.

दुसऱ्या दिवशी सुतार ऑपरेशनसाठी उपाशी होता, म्हणून लहान पातेलं खिळ्यावर पालथं टांगलेलं. पावणेदहा वाजले होते. दुपारच्या भाताचं मोठं पातेलं चुलीवर चढलं होतं, आणि कोठाराच्या किल्ल्या असलेला माणूस अजून आला नव्हता, त्यामुळे तेलाचा डबा रिकामा. भातावर फेस चढायला लागला. झाकण थडथडलं, पांढरे ओघळ पातेल्याच्या अंगावरून आगीवर उतरले.

"अरे, थोडं तेल दे कुठून तरी," ती जावयाला म्हणाली. "उतू चाललंय."

"तेल नाही." जावई हलला नाही. "आज सगळ्या दवाखान्याला सुताराचं जेवण."

"अरे, खायला नको, फेसाला हवंय."

जावई हसला. घड्याळबाई हसली नाही. ती खिळ्यावरच्या लहान पातेल्याकडे बघत राहिली.

एकतीस वर्षांपूर्वी, कामाच्या पहिल्याच आठवड्यात तिचा भात उतू गेला होता आणि तेव्हाच्या म्हाताऱ्या स्वयंपाक्यानं तिच्या मनगटावर पळी मारली होती. मग त्यानं दाखवलं होतं: फेस वर आला की तेलाची बारीक धार सोडायची, फेस असा खाली बसतो जसा ओरडा खाल्लेला मुलगा. भाताला आणि डाळीलाही. तेव्हापासून हे तिनं किती हजार वेळा केलं असेल, देव जाणे. ते तेल तिच्या लेखी जेवणातलं नव्हतंच. ते पातेल्याचं होतं. चूल पुसायच्या फडक्यासारखं. कुणी विचारलं, भातात काय घातलंस, तर ती तांदूळ, पाणी, मीठ एवढंच सांगायची, आणि खोटं बोलतेय असं तिला स्वप्नातही वाटलं नसतं.

पण लहान पातेल्यातही फेस येतो. आणि फेस आला की हात जातो. हात विचारत नाही, पातेलं कुणाचं आहे.

"मावशी, करपतंय," जावई म्हणाला.

तिनं आग कमी केली आणि फ्रीजकडे गेली. नियम असा होता की शिजवलेल्या प्रत्येक पातेल्यातली एक वाटी दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत जपून ठेवायची. कुणाला विषबाधा झाली तर तपासायला. सुताराच्या कालच्या संध्याकाळच्या डाळीची वाटी मागच्या रांगेत होती. तिनं झाकण उचललं. थंड डाळीवर तेलाचे पिवळे ठिपके तरंगत होते. दोन-चार नाही. बोटानं ढकलले तर ते एकमेकांना भेटले आणि नखाएवढे झाले.

दहा वाजता जुने नमुने टाकायचे, हे काम तिचंच. कचऱ्याचा डबा पायाशी होता. डाळ त्यात गेली असती तर जगात कुणालाही कळलं नसतं, अगदी जावयालाही नाही, आणि तो तर तिथेच बसला होता. आठ महिन्यांनी ती निवृत्त होणार होती. कागदावर सही होती. त्या सहीखातर एका बाईला फाटकाबाहेर बसवलं होतं. आणि मनात एक गोड आवाजही बोलत होता, की फेसाचं तेल ते, वरच्यावर उतून जातं, एवढ्याशानं काय होतंय.

घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली. तिनं वाटीवर झाकण ठेवलं.

"भात बघ," ती जावयाला म्हणाली. "आणि बाराची गाडी तू ने."

"तू कुठे निघालीस?"

ती वाटी घेऊन जिन्यानं वर गेली. लिफ्टची वाट बघायचा धीर नव्हता.

ऑपरेशनच्या खोलीच्या दाराबाहेर सुताराला ट्रॉलीवर आणून ठेवलं होतं. डोक्यावर हिरवी टोपी, अंगावर चादर, आणि चादरीखाली माणूस आहे हे पायांच्या सुजेवरूनच कळावं. तिला बघून त्याचे डोळे हलले.

"जेवण आणलंत?" तो हळू म्हणाला. "आज नाही म्हणाले."

नर्सनं हात आडवा केला. "मावशी, इथे कुठे? बाहेर व्हा."

"मोठ्या डॉक्टरांना बोलवा."

"ते हात धुताहेत."

"तेच म्हणते. चाकू हातात घेतल्यावर सांगून काय उपयोग?"

आवाज ऐकून मोठे डॉक्टर दारात आले. हात कोपरापर्यंत ओले, वर धरलेले. "कोण या?"

"स्वयंपाकघरातली. याच्या जेवणात तेल होतं."

"बायकोनं दिलेलं?"

"नाही. मी." तिनं वाटी पुढे केली. झाकण काढलं. "फेस बसवायला घालते. सवयीनं. काल लिहून दिलं ते मला खरंच वाटत होतं."

डॉक्टरांनी वाटीत पाहिलं, मग तिच्याकडे. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. "किती तेल?"

"फेसापुरतं."

"म्हणजे किती?"

"मोजलं नाही कधी."

"बाई, मला आकडा हवा." ते एकेक शब्द वेगळा टाकत होते. "दोन-चार थेंब असतील तर तेवढ्यानं एवढी बाटली भरत नाही. म्हणजे नळी बुजत नाहीये, आणि मी आत गेलंच पाहिजे, आजच. पण चमच्यांनी गेलं असेल तर याला आपण तेलाशिवाय कधी ठेवलंच नाही, आणि मी उगाच एका मरणाला टेकलेल्या माणसाची छाती उघडतोय. दोन्हींतलं काय? वीस मिनिटं देतो. त्याच्या पुढे नाही."

तराजू मॅडमना बोलावलं गेलं. त्या धावतच खाली स्वयंपाकघरात आल्या, काटा घेऊन. तोवर किल्लीवालाही उगवला होता. तेलाची बाटली भरून काट्यावर ठेवली, आकडा लिहिला, लहान पातेलं टेबलावर ठेवलं.

"ओता, मावशी. रोज ओतता तसं."

घड्याळबाईनं बाटली उचलली. सगळे तिच्या मनगटाकडे बघत होते, जावईसुद्धा उभा राहिला होता. तेलाचे चार थेंब टपटप पडले. तराजू मॅडमनी बाटली पुन्हा काट्यावर ठेवली. "एक ग्रॅमही नाही." त्यांचा चेहरा पडला. "एवढ्यानं काही होत नाही. मी वर कळवते."

"थांबा. हा माझा हात नव्हे."

"मग कुणाचा?"

"हा चोराचा हात आहे. सगळे बघताहेत म्हणून अंग चोरतोय." तिनं भिंतीवर पाहिलं. अकरा मिनिटं गेली होती. "मला चूल द्या. खरा भात द्या. आणि तुम्ही तोंडं फिरवा."

मोठ्या पातेल्यातला अर्धाकच्चा भात पाण्यासकट लहान पातेल्यात काढला, मोठी आग लावली, झाकण ठेवलं. मिनिटभर काही झालं नाही. दुसऱ्या मिनिटाला झाकण हललं. ती वाट बघत होती आणि वाट बघतेय म्हणून हात पुन्हा आखडलेला, हे तिला कळत होतं. तेवढ्यात जावयानं बाजूच्या टेबलावरून लाल दोऱ्याच्या पातेल्याची पळी उचलली आणि मोठ्या भातात घातली.

"ए, आंधळ्या," ती गर्रकन वळली, "ती पळी कुणाची आहे? नऊ दिवस मी काय बोंबलतेय? सासऱ्याच्या घरी आलायस का रे?"

फेस वर आला होता आणि खाली बसलाही होता. बाटली तिच्या हातात तिरकी होती. ती कधी उचलली, ते तिला आठवत नव्हतं.

तराजू मॅडमनी बाटली काढून घेतली आणि काट्यावर ठेवली. काटा डगमगला, थांबला. "नऊ ग्रॅम." त्यांनी बोटं मोजली. "भाताला एकदा, डाळीला एकदा, दोन्ही वेळा. काही उतून गेलं असं धरलं तरी दिवसाला तीसच्या वर. आणि मी त्याला पाचच्या आत ठेवतेय असं समजत होते."

जावई पळी हातात घेऊन उभा होता. "मी मुद्दाम उचलली," तो म्हणाला. "तुला चिडवल्याशिवाय तुझा हात चालत नाही." तराजू मॅडम तोवर जिन्यावर पोहोचल्या होत्या.

त्या दिवशी बाराची गाडी बारा वाजून पस्तीस मिनिटांनी सुटली.

मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशन चार दिवस पुढे ढकललं. घड्याळबाईला त्यांनी खोलीत बोलावलं, बसा म्हणाले नाहीत. "शिरेतून सगळं अन्न देता आलं असतं तर तोंडानं काहीच दिलं नसतं, पण ती सोय इथे नाही. म्हणून चार दिवस खरं बिनतेलाचं जेवण. बाटली उतरली तर ठीक. नाही उतरली, तर आज होता त्याहून अशक्त माणूस माझ्या टेबलावर येईल. ते चार दिवस मी तुमच्या शब्दावर घेतोय, हे लक्षात ठेवा."

हे ती विसरणं शक्य नव्हतं. तिला चुलीवरून काढलं, चौकशी होईपर्यंत वर जायची बंदी केली, आणि कोपऱ्यात बटाटे सोलायला बसवलं, एकतीस वर्षांपूर्वी बसली होती तिथेच. सुताराचं पातेलं जावयाकडे गेलं. तो फेस आला की झाकण काढून उभा राहायचा आणि पळीनं हलवत बसायचा. उभं राहून काम करताना त्याला बघायला किल्लीवालाही आला. सुताराच्या बायकोला आत घेतलं. तिला कारण सांगितलं, नावानिशी.

पहिल्या दिवशी बाटलीत साडेनऊशे. जावयानं नर्सकडून विचारून आणलं. दुसऱ्या दिवशी नऊशे, आणि पांढरं. घड्याळबाईनं सोललेला बटाटा पुन्हा सोलला.

"आतलं जुनं निघायला वेळ लागतो, असं मॅडम म्हणतात," जावई म्हणाला.

"मॅडमचा चेहरा कसा होता?"

"चेहरा काही म्हणाला नाही."

घरी तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. पण त्या रात्रीच्या जेवणात मीठ टाकायलाच ती विसरली, आणि सुनेनं पहिल्यांदाच तिची थट्टा केली नाही. नुसतं मीठ वाढलं आणि शेजारी बसली.

तिसऱ्या दिवशी साडेचारशे. रंग कसा, म्हणून विचारलं तर जावई म्हणाला, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा. ती उठून मोरीपाशी गेली, मूठभर तांदूळ वाटीत घेऊन धुतले आणि त्या पाण्याकडे बघत राहिली. पहिलं पाणी की दुसरं, हे विचारायचं राहिलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत बातमी आली नाही. जावई दोनदा वर गेला आणि दोनदा नर्सनं त्याला हाकललं, मोठे डॉक्टर आत आहेत म्हणून. तीनच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या दारात सुताराची बायको उभी राहिली. तिच्या तोंडावरून काही कळेना.

"मावशी, वर चला."

"मला बंदी आहे."

"मी विचारून आलेय."

दोघी जिना चढू लागल्या. अर्ध्यावर घड्याळबाई थांबली, कठड्याला धरून. "साखर होती हे मला त्याच वेळी पटलं होतं," ती म्हणाली. "फाटकापाशी. तरी मी बसमध्ये चढले."

"पाहिलं मी. बस तुमची नव्हती."

"नव्हती."

"ते मी विसरणार नाही, मावशी."

"नको विसरूस."

सुतार उशांना टेकून बसला होता. पायांची सूज अजून होती, पण त्यानं मान आपणहून वळवली. शेजारी अर्धं जेवलेलं ताट. "मावशी," तो म्हणाला, "तुमच्या हाताला चव होती. हे आताचं घशाखाली उतरत नाही."

"ती चव हाताची नव्हती, बाबा," घड्याळबाई म्हणाली. "तेच तर झालं."

त्याला ते कळलं तेव्हा त्याच्या बरगड्या हलल्या, आणि नळी दुखली म्हणून त्यानं हसणं अर्ध्यात सोडलं. "उद्याचं ऑपरेशन नाही म्हणालेत," तो म्हणाला. "आणखी दहा दिवस हाच भात, आणि मग नळी काढू."

बायकोनं त्याच्या पुढ्यात ताट सरकवलं, "बोलू नकोस, खा," म्हणाली, आणि खाली वाकली. नळीला धक्का न लावता तिनं बाटली पलंगाखालून जराशी बाहेर घेतली आणि खिडकीच्या उजेडाकडे तिरकी केली. तळाशी कोऱ्या चहासारखं पिवळसर पाणी होतं, सव्वाशेच्या रेघेपाशी. घड्याळबाई गुडघ्यांवर हात टेकून खाली बसली, चष्मा पदराला पुसला आणि पुन्हा लावला. पाण्याच्या पलीकडे त्या बाईची बोटं दिसत होती, चारही, नखांसकट.